बैत जाला ते सांतियागो

बेथलेहेमला लागूनच बैत जाला नावाचे टेकडीवरचे गाव आहे. जैतुनाच्या आणि जर्दाळूच्या बागा, द्राक्षांचे मांडव, दगडी घरे, आणि बहुतेक वस्ती ग्रीक ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांची. या गावातून आणि शेजारच्या बेथलेहेम व बैत साहूरमधून सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी तरुण मुले बाहेर पडू लागली. त्यांची जेवढी नातवंडे-पतवंडे आज दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशात आहेत, तेवढी माणसे या तिन्ही गावांत मिळूनही उरलेली नाहीत. चिलीतल्या पॅलेस्टिनी वंशाच्या लोकांचा आकडा वेगवेगळ्या अंदाजांप्रमाणे तीन ते पाच लाखांच्या घरात जातो. मध्यपूर्वेच्या बाहेर एवढा मोठा पॅलेस्टिनी समाज दुसऱ्या कोणत्याही देशात नाही.

या लोकांची गोष्ट चिलीत साधारण एकाच चालीवर सांगितली जाते. आजोबा रिकाम्या हाताने आले, पाठीवर गाठोडे घेऊन दारोदार फिरले, मग दुकान टाकले, मग गिरणी काढली, आणि नातू डॉक्टर किंवा खासदार झाला. यात खोटे काही नाही, कष्ट तर अमाप होते. तरी ही गोष्ट मला अपुरी वाटते. परक्या देशात एखादे कुटुंब तगते की मोडते, हे त्याच्या अंगमेहनतीइतकेच आणखी दोन गोष्टींवर ठरते: त्याच्या आधी तिथे आपले कोण पोहोचले आहे, आणि त्याच्या हातात कोणता सरकारी कागद आहे. चिलीतल्या पॅलेस्टिनींच्या बाबतीत पहिल्या गोष्टीने त्यांना उभे केले आणि दुसरीने त्यांचा परतीचा रस्ता बंद केला. या दुसऱ्या गोष्टीबद्दल फार कमी बोलले जाते.

ही माणसे निघाली ती का, हे आधी पाहू. एकोणिसाव्या शतकात बेथलेहेम हे काही जगापासून तुटलेले खेडे नव्हते. येशूच्या जन्मस्थानाला येणाऱ्या यात्रेकरूंसाठी तिथले कारागीर शिंपल्याच्या आणि जैतुनाच्या लाकडाच्या वस्तू घडवत. जपमाळा, क्रूस, गव्हाणीतल्या बाळ येशूचे देखावे. फ्रान्सिस्कन साधूंच्या आश्रयाने ही कला तिथे रुजली आणि वाढली. यात्रेकरूंची वाट पाहत बसण्यापेक्षा माल घेऊन आपणच जगात जावे, असे काही व्यापाऱ्यांच्या मनात आले. 1876 च्या फिलाडेल्फियातल्या आणि 1893 च्या शिकागोतल्या जागतिक प्रदर्शनांत पवित्र भूमीतल्या वस्तूंचे गाळे लागले, आणि तिथून परतलेल्यांनी आगबोटीची भाडी, बंदरांची नावे आणि नफ्याचे आकडे गावात आणले. बेथलेहेममध्ये आजही त्या कमाईतून बांधलेले वाडे उभे आहेत. 1910 च्या सुमारास बांधलेला जासिर कुटुंबाचा प्रासाद त्यांतला सर्वांत मोठा. पुढे तो हॉटेल झाला.

म्हणजे पहिली पिढी निघाली ती कमवायला. चार-पाच वर्षे बाहेर राहायचे, पैसा गाठीला बांधायचा, परत येऊन घर बांधायचे आणि लग्न करायचे. प्रवासभाड्यासाठी जैतुनाच्या बागेचा एखादा तुकडा गहाण पडे किंवा विकला जाई. पण 1908 मध्ये तरुण तुर्कांची क्रांती झाली आणि पाठोपाठ पॅलेस्टाइनवर राज्य करणाऱ्या ऑटोमन साम्राज्याने ख्रिस्ती तरुणांनाही सैन्यात भरती करायला सुरुवात केली. तोवर ते कर भरून या सक्तीतून सुटत असत. मग मुलगा पंधरा-सोळा वर्षांचा झाला की आईबाप त्याला बोटीत बसवण्याची घाई करू लागले. पहिले महायुद्ध आले, 1915 मध्ये टोळधाडीने पिके फस्त केली, उपासमार आणि रोगराई पसरली. युद्ध संपताच बाहेर पडणाऱ्यांची रांग आणखी लांबली. कमाईसाठी सुरू झालेला प्रवास आता जीव वाचवण्यासाठी होऊ लागला होता.

याफाच्या बंदरातून निघायचे, मार्सेय किंवा जेनोवाला बोट बदलायची, अटलांटिक ओलांडून अर्जेंटिनातले ब्युनोस आयर्स गाठायचे. तिथपर्यंत पोहोचणाऱ्यांतले बरेच जण तिथेच थांबले. जे पुढे निघाले त्यांच्यासमोर अँडीज पर्वत होता. 1910 मध्ये पर्वतातून जाणारी रेल्वे सुरू होईपर्यंत शेवटचा टप्पा खेचरांवरून पार करावा लागे, तोही बर्फ नसेल तेव्हाच. एवढी यातायात करून लोक चिलीलाच का गेले, याचे खरे उत्तर भूगोलात सापडत नाही. मध्य चिलीचे हवामान पॅलेस्टाइनसारखेच आहे, तिथेही द्राक्षे, जैतून, अंजीर, बदाम पिकतात, हे खरे. पण याफाच्या धक्क्यावर उभ्या असलेल्या पोराला ते ठाऊक नव्हते. त्याला एवढेच माहीत होते की चुलतभाऊ तिकडे आहे आणि त्याचे पत्र आले आहे.

चिलीच्या सरकारला मात्र हे लोक नको होते. वसाहतीसाठी त्यांना युरोपीय हवे होते. देशाच्या दक्षिण भागात, वाल्दिविया आणि ल्यांकीवे या प्रदेशांत, त्यांनी जर्मन कुटुंबांना जमिनी देऊन वसवले होते, युरोपात दलाल नेमून माणसे आणवली होती. अरबांना ना जमीन मिळाली, ना तिकीट, ना स्वागताला कोणी आले. त्यांच्या हातात ऑटोमन सरकारचे कागद होते, म्हणून लोक त्यांना सरसकट तुर्क म्हणू लागले. ज्या सत्तेच्या सक्तीच्या भरतीतून निसटून ते आले होते, तिचेच नाव त्यांना शिवीसारखे चिकटले. 1911 मध्ये राजधानी सांतियागोच्या एका मोठ्या वर्तमानपत्राने त्यांच्या अस्वच्छतेवर आणि धर्मावर असे गलिच्छ लिहिले की त्या मजकुराचा दाखला अभ्यासक आजही देतात. गंमत अशी नव्हे, दुःख असे की ही माणसे ख्रिस्ती होती, खुद्द बेथलेहेमची होती, आणि त्यांना हिणवणारा देश कट्टर कॅथलिक होता.

जमीन नाही म्हणजे शेती नाही. भाषा नाही म्हणजे नोकरी नाही. उरला फेरीचा धंदा. त्याचे तंत्र नीट समजून घेण्यासारखे आहे, कारण या समाजाचा पाया त्यातच घातला गेला.

नवा मुलगा सांतियागोला उतरला की तो आपल्या गावच्या, बहुधा आपल्याच भावकीतल्या माणसाच्या दुकानी जाई. झोपायला दुकानामागची जागा, जेवायला घरचे अन्न. दोन-चार दिवसांत त्याला एक पेटी किंवा गाठोडे भरून मिळे. सुया, दोरे, गुंड्या, कंगवे, साबण, रिबिनी, मोजे, कापडाचे तुकडे. सुरुवातीच्या काळात पवित्र भूमीतल्या जपमाळा आणि क्रूसही असत, त्यांना गरीब वस्त्यांत हमखास गिऱ्हाईक होते. हा माल उधार असे. तारण काही नाही, लिहून घेतलेले काही नाही. मुलगा पळून गेला तर? पळून जाणार कुठे, त्याचे आईबाप दुकानदाराच्या आईबापांच्या शेजारी राहतात. बैत जालाच्या गल्लीतली अब्रू सांतियागोच्या गाठोड्याला तारण होती. कोणतीही बँक त्या काळी अशा मुलाला दारातही उभे करणार नव्हती. बँकेचे काम भावकीने केले.

पुढची पायरी अशी की हाच मुलगा गिऱ्हाइकालाही उधारीवर माल देई. चिलीतली मोठी दुकाने शहराच्या मध्यात होती आणि तिथे रोख पैसे लागत. कामगारांच्या चाळवजा वस्त्यांत, शेतमजुरांच्या झोपड्यांत, उत्तरेकडच्या अटाकामा वाळवंटातल्या सोराखाणींच्या वसाहतींत राहणाऱ्या बाईला एक पोलके शिवायचे असेल तर तिच्या दारी येणारा आणि आठवड्याला थोडे थोडे पैसे घेणारा हा परकाच तिच्या उपयोगाचा होता. त्याला मोजके स्पॅनिश शब्द येत, किंमत बोटांवर सांगे. पण दर आठवड्याला तो येई, घरातल्या मुलांची नावे त्याला पाठ होत, आणि कोणाकडे पैसे आहेत, कोणाचा नवरा आजारी आहे, हे त्याला कळे. भाषा तो दारोदार शिकला. म्हणूनच या समाजाची स्पॅनिश सुरुवातीपासून गरिबांची, बोलीतली स्पॅनिश होती.

काही वर्षांनी तो एखाद्या लहान गावात दुकान टाके आणि सांतियागोच्या घाऊक व्यापाऱ्याकडून माल घेऊ लागे. मग धाकट्या भावाला पत्र जाई. भाऊ आला की त्याला पेटी मिळे आणि चक्र पुन्हा सुरू होई. यातून एक विलक्षण गोष्ट घडली. दुकाने एकमेकांच्या गिऱ्हाइकांवर पडू नयेत म्हणून कुटुंबे देशभर पांगली, आणि चार हजार किलोमीटर लांबीच्या या चिंचोळ्या देशात क्वचितच एखादे गाव त्यांच्यावाचून राहिले. चिलीत प्रत्येक गावात एक पाद्री, एक पोलीस आणि एक पॅलेस्टिनी असतोच, असे तिथले लोक आजही म्हणतात.

दुकान पुढे, घर मागे, अशी या कुटुंबांची रचना होती. मागच्या खोलीत बायका कापड बेतत, शिवत, गुंड्या लावत. हिशोबाच्या वहीत त्यांचे नाव कुठे आले नाही, पण पुढे ज्या कपड्यांच्या उद्योगाने हा समाज श्रीमंत झाला तो या मागच्या खोल्यांतल्या शिलाई यंत्रांवर सुरू झाला. नवऱ्याचे स्पॅनिश गिऱ्हाइकांत सुधारले, बायकोचे मात्र कित्येक वर्षे बाजारहाटापुरतेच राहिले. घरातला एकांत सर्वांत जास्त तिनेच सोसला. नवी सून गावाहून येई तेव्हा तिच्याबरोबर मसाले, भरतकाम केलेला पोशाख आणि बातम्या येत. म्हणून तिच्या येण्याची वाट फक्त नवराच पाहत नसे.

ऋतूंनी त्यांची फार तारांबळ केली. घरी जैतून ऑक्टोबर-नोव्हेंबरात उतरवायचे, इथे ते एप्रिलनंतर तयार होत. नाताळ थंडीत यायचा तो भर उन्हाळ्यात येऊ लागला. द्राक्षवेलीची कोवळी पाने वसंतात खुडून खारात घालायची, पण इथला वसंत सप्टेंबरनंतरचा. तरी पाने मिळत होती हेच मोठे भाग्य. द्राक्षांच्या या देशात स्थानिक लोक फळ घेत आणि पाने टाकून देत. त्याच पानांत भात आणि खिमा भरून वळलेल्या गुंडाळ्या पॅलेस्टिनी घरांतून शेजाऱ्यांकडे गेल्या, आणि आज त्या चिलीतल्या कित्येक बिगर-अरब घरांतही होतात. कोवळ्या दुधीसारख्या भाज्या पोखरून, त्यात सारण भरून शिजवण्याची रीतही तशीच रुळली. अन्नाच्या बाबतीत या कुटुंबांना फारसे काही सोडावे लागले नाही.

नावे मात्र सोडावी लागली. हन्नाचा हुआन झाला, जिरियसचा होर्हे, मिखाइलचा मिगेल, याकूबचा हाकोबो. बंदरावरचा कारकून ऐकू येईल तसे आडनाव लिही, त्यामुळे सख्ख्या भावांची आडनावे वेगवेगळ्या अक्षरांत नोंदली गेली. धर्मही बदलला, पण हळूहळू. सांतियागोत सेंट जॉर्जच्या नावाने ऑर्थोडॉक्स चर्च उभे राहिले ते 1910 च्या दशकात. लहान गावांत तर शेवटपर्यंत कॅथलिक देऊळच होते. मुलाचा बाप्तिस्मा, मुलीचे लग्न, बापाचा दफनविधी तिथेच होई. दोन पिढ्यांत बहुसंख्य कुटुंबे कॅथलिक झाली, कोणाच्या सक्तीशिवाय. अरबी भाषेचेही तेच झाले. 1912 पासून चिलीत अरबी वर्तमानपत्रे निघू लागली होती, पण त्यांचे वाचक पहिल्या पिढीबरोबरच गेले. शाळेत हिणवल्या गेलेल्या मुलांनी घरी स्पॅनिशच बोलायचे ठरवले आणि आईबापांनी, मुलांचे भले व्हावे म्हणून, ते चालवून घेतले. नातवंडांना आजीचे बोलणे कळेनासे झाले. ही हानी मोठी होती, आणि ती भरून निघालेली नाही.

आता कागदाची गोष्ट.

ही माणसे परत जाण्यासाठी आली होती, हे वर सांगितलेच. मग परत का गेली नाहीत? चिलीत पैसा मिळाला म्हणून, असे सोपे उत्तर दिले जाते. पण बेथलेहेम परिसरातल्या अनेक कुटुंबांना परत जायचे होते आणि त्यांना जाऊ दिले गेले नाही. पहिल्या महायुद्धानंतर ऑटोमन साम्राज्य संपले आणि पॅलेस्टाइन ब्रिटनच्या ताब्यात आले. लोझानच्या तहाने जुने ऑटोमन नागरिकत्व इतिहासजमा केले. त्याच्या जागी नवे काय, हे ब्रिटिशांनी 1925 च्या पॅलेस्टाइन नागरिकत्व आदेशाने ठरवले. त्या वर्षीच्या 1 ऑगस्टला जे ऑटोमन प्रजाजन पॅलेस्टाइनमध्ये राहत होते ते आपोआप पॅलेस्टिनी नागरिक झाले. तिथेच जन्मलेले पण त्या दिवशी परदेशी असलेले मात्र आपोआप झाले नाहीत. त्यांनी मुदतीत अर्ज करायचा, आणि तो मान्य करायचा की नाही हे सरकारच्या मर्जीवर. अटाकामाच्या वाळवंटातल्या एखाद्या दुकानदाराला या आदेशाची बातमी कधी कळली असेल? त्याने वकिलातीत जायचे तर किती दिवसांचा प्रवास? आणि ज्यांनी हे सगळे करून अर्ज भरले, त्यांतल्या हजारोंचे अर्ज नाकारले गेले. तुम्ही फार वर्षे बाहेर आहात, तुमचे पॅलेस्टाइनशी नाते उरलेले नाही, असे कारण पुढे केले गेले. त्याच आदेशात बाहेरून येऊन पॅलेस्टाइनमध्ये दोन वर्षे राहिलेल्यांना नागरिकत्व मिळण्याची सोय होती, आणि तिचा मुख्य लाभ युरोपातून येणाऱ्या ज्यू स्थलांतरितांना मिळाला. नवख्याला दोन वर्षांत जे मिळे ते त्याच मातीत जन्मलेल्याला मागूनही मिळेना.

बेथलेहेममध्ये याविरुद्ध परदेशस्थांच्या हक्कांसाठी समिती स्थापन झाली, निवेदने गेली, लॅटिन अमेरिकेतल्या शहरांतून तारा आणि पत्रे गेली. फार काही हाती लागले नाही. पॅलेस्टिनींच्या बेवतन होण्याची सुरुवात आपण 1948 पासून, म्हणजे इस्रायलच्या स्थापनेपासून मोजतो. माझ्या मते ती 1925 पासून मोजायला हवी, आणि तिचे पहिले बळी चिली, होंडुरास, एल साल्वादोर इथले हे दुकानदार होते. जुना देश राहिला नव्हता, जन्मभूमी आपले म्हणत नव्हती, आणि चिलीतला शेजारी तुर्क म्हणत होता. अशा वेळी चिलीचे नागरिकत्व घेणे हाच मार्ग उरला. त्यांच्या मुलांना तर ते जन्मतःच मिळाले होते, कारण मोजके अपवाद सोडले तर चिलीत जो जन्मतो तो चिलीचा नागरिक असतो.

परतीची आशा मावळली तेव्हा लोकांनी गाठीचा पैसा गावी पाठवण्याऐवजी इथेच गुंतवला. योगायोगाने काळही तसाच आला. 1929 च्या जागतिक मंदीत चिलीचा सोऱ्याचा धंदा बुडाला, आयात परवडेना, आणि सरकारने परदेशी मालावर जबर जकात बसवून देशी कारखान्यांना आसरा दिला. ज्यांना गरीब गिऱ्हाइकाची कापडाची गरज तोंडपाठ होती, त्यांच्यासाठी ही संधी होती. बेथलेहेमचे हुआन यारूर यांनी आधी बोलिव्हियात कापड गिरणी चालवली होती. 1937 मध्ये त्यांनी सांतियागोत सुती कापडाची भली मोठी गिरणी उभी केली. त्याच वर्षी स्थापन झालेल्या एका बँकेतही त्यांचा पुढाकार होता, आणि ती आज चिलीतल्या मोठ्या बँकांपैकी एक आहे. साईद, इर्मास, सुमार या घराण्यांच्या गिरण्याही निघाल्या. सांतियागोतला पात्रोनातो हा भाग कापडाच्या आणि तयार कपड्यांच्या दुकानांनी गजबजला.

मेहनतीच्या गोष्टीत न बसणारा भाग इथेच आहे. यारूर गिरणीतले कामगार चिलीतले गरीब लोक होते, आणि त्यांना मालक जाचक वाटत होता. 1971 च्या एप्रिलमध्ये साल्वादोर अयेंदे यांच्या समाजवादी सरकारच्या काळात कामगारांनी गिरणी ताब्यात घेतली आणि सरकारने ती चालवायला घेतली. 1973 मध्ये जनरल पिनोचेत यांनी लष्करी बंड केल्यावर गिरणी मालकांना परत मिळाली. श्रीमंत पॅलेस्टिनी घराण्यांतल्या अनेकांनी पिनोचेतचे स्वागत केले. त्याच समाजातला मिगेल लितीन हा चित्रपट दिग्दर्शक अयेंदे यांच्या काळात सरकारी चित्रपट संस्थेचा प्रमुख होता, आणि बंडानंतर त्याला देश सोडून पळावे लागले. बैत साहूरहून आलेल्या आजोबांचा हा नातू पुन्हा निर्वासित झाला. पुढे 2005 मध्ये त्याने पॅलेस्टाइनवर चित्रपट काढला. एका समाजाचे एकच मत असते असे मानणाऱ्यांनी चिलीकडे जरूर पाहावे. रेकोलेता या सांतियागोच्या विभागाचे 2012 पासून अनेक वर्षे महापौर असलेले दानिएल हादुए बैत जालाच्याच वंशातले आणि कम्युनिस्ट. पात्रोनातोचा बाजार याच विभागात येतो.

गिरण्यांना मारले ते मात्र पिनोचेतच्याच धोरणाने. 1970 च्या दशकात जकाती भराभर खाली आणल्या गेल्या, स्वस्त परदेशी कापड आत आले आणि एकेक गिरणी बंद पडली. मुले-नातवंडे तोवर डॉक्टर, वकील, बांधकाम व्यावसायिक झाली होती, शहराच्या पूर्वेकडच्या श्रीमंत भागात राहायला गेली होती. पात्रोनातोतली दुकाने त्यांनी कोरियाहून आलेल्या नव्या स्थलांतरितांना भाड्याने दिली किंवा विकली. आता तिथे अरबी, कोरियन आणि पेरूची खानावळ एकाच रस्त्यावर दिसते.

भाषा गेली, धर्म बदलला, गिरण्या बुडाल्या. तरी हा समाज स्वतःला आजही ठासून पॅलेस्टिनी म्हणवतो. याचे मोठे श्रेय फुटबॉलला द्यावे लागते. 1920 मध्ये दक्षिणेतल्या ओसोर्नो शहरात स्थलांतरित समाजांच्या स्पर्धेच्या निमित्ताने पालेस्तिनो नावाचा संघ उभा राहिला. लाल, पांढरा, हिरवा आणि काळा हे त्याचे रंग. 1952 मध्ये तो व्यावसायिक झाला आणि 1955 व 1978 मध्ये देशाचा विजेता ठरला. ज्या नावाचा देश नकाशावर नव्हता ते नाव दर आठवड्याला चिलीच्या वर्तमानपत्रांत छापून येत राहिले. जानेवारी 2014 मध्ये संघाने खेळाडूंच्या पाठीवरच्या 1 या अंकाच्या जागी 1948 पूर्वीच्या पॅलेस्टाइनचा नकाशा छापला, त्यावर तक्रारी झाल्या, दंड झाला आणि तो अंक बदलावा लागला. मे 2024 मध्ये कोलो-कोलो संघाविरुद्धच्या सामन्याला उतरताना पालेस्तिनोच्या खेळाडूंनी नेहमीप्रमाणे मुलांचे हात धरलेले नव्हते. गाझात मारल्या गेलेल्या मुलांसाठी ते रिकामा हात बाजूला धरून मैदानात आले. चिलीने 2011 मध्ये पॅलेस्टाइनला देश म्हणून मान्यता दिली, आणि ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस इस्रायलमधला आपला राजदूत चर्चेसाठी माघारी बोलावला. त्यामागे या समाजाचे राजकीय वजन होते.

नातवंडे आता आजोबांचे गाव पाहायला जातात. चिलीचा पासपोर्ट असला तरी इस्रायलच्या विमानतळावर किंवा जॉर्डनकडच्या पुलावर आडनाव पाहून त्यांना बाजूला घेतले जाते, तासन्‌तास प्रश्न विचारले जातात. लीना मेरुआने या चिलीतल्या लेखिकेने आपल्या बैत जाला भेटीवर स्पॅनिशमध्ये पुस्तक लिहिले आहे, त्यात ही चौकशी तपशिलाने येते. गावाच्या जमिनीवर आज इस्रायली वसाहत आहे, आणि गावालगतच्या क्रेमिसान खोऱ्यातल्या बागांजवळून इस्रायलने उभारलेली विभाजक भिंत गेली आहे.

सर्वांत अलीकडे आलेल्यांची हकीकत मात्र फार निराळी आहे. 1948 मध्ये हैफाजवळच्या खेड्यांतून उखडलेली काही कुटुंबे इराकी सैन्याबरोबर बगदादला गेली होती. इराकने त्यांना आसरा दिला, नागरिकत्व दिले नाही. 2003 मध्ये अमेरिकेने इराकवर स्वारी केल्यानंतर सशस्त्र टोळ्यांनी या पॅलेस्टिनींना वेचून मारायला सुरुवात केली. ते सीरियाच्या दिशेने पळाले, पण सीरियाने दार उघडले नाही. दोन देशांच्या सीमाचौक्यांमधल्या कोणाच्याच नसलेल्या पट्ट्यात, अल-तन्फ इथे, त्यांनी तंबू ठोकले. उन्हाळ्यात आग, हिवाळ्यात पूर, शेजारून जाणारे मालट्रक. त्या छावणीतल्या 117 जणांना चिलीने 2008 मध्ये घेतले आणि सांतियागो, ला कालेरा व सान फेलिपे इथे वसवले.

हे लोक सरकारच्या आणि संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेच्या योजनेतून आले. घर मिळाले, काही काळ भत्ता मिळाला, स्पॅनिशचे वर्ग मिळाले. बैत जालाच्या पोरांना यातले काहीच मिळाले नव्हते. पण त्या पोरांना जे मिळाले ते यांना मिळणे अवघड होते. हे बहुतेक मुसलमान, इराकी बोलीत बोलणारे, आणि चिलीत त्यांची भावकी नाही. चिलीतल्या जुन्या पॅलेस्टिनींनी मनापासून मदत केली, तरी मदत करणाऱ्यांना अरबी येत नव्हते आणि घेणाऱ्यांना स्पॅनिश. बगदादमध्ये शिकलेल्या माणसाची पदवी इथे कामाची नव्हती, आणि पन्नाशीला आलेल्याने नवी भाषा शिकून नोकरी शोधायची तर भत्ता संपण्याआधी ती मिळेलच याची खात्री नव्हती. अशाच एका गटाला शेजारच्या ब्राझीलने 2007 मध्ये घेतले होते. त्यांतल्या काहींनी तिथल्या तुटपुंज्या व्यवस्थेला कंटाळून राजधानीत निर्वासित संस्थेच्या कचेरीसमोर तंबू टाकले.

अशा योजनांमध्ये भत्त्याचे महिने मोजले जातात, पण गाठोडे उधार देणारा कोणी आहे का, हे विचारले जात नाही. ते विचारायला हवे. नव्या कुटुंबाला तीच भाषा बोलणाऱ्या दुकानदाराशी, गॅरेजवाल्याशी, शिंप्याशी जोडून देणे हे भाड्याच्या रकमेइतकेच महत्त्वाचे मानले, तर पुष्कळ गोष्टी सोप्या होतील. एक गोष्ट मात्र या लोकांना चिलीने अशी दिली की जी साठ वर्षांत कोणी दिली नव्हती. हैफाजवळचे गाव सुटल्यापासून त्यांच्या आजोबांना, वडिलांना आणि स्वतः त्यांनाही कोणत्याच देशाचे नागरिकत्व नव्हते. चिलीत त्यांच्या घरी जे मूल जन्मले त्याला ते पहिल्या दिवशीच मिळाले.